पडलं, पाडलं, हातून पडलं

माझ्या धंद्यात क्रियापद चुकलं की माणसाची वस्तू होते. हे मला कोणी शिकवलं नाही. मी स्वतः एका माणसाची वस्तू केली आणि तो माणूस आमच्या कंपनीचा मालक होता.

अंधेरीतल्या त्या कंपनीत मी खरेदी खात्यात होतो. कंपनीचं एका जपानी कंपनीशी जुळलं आणि मीटिंगमध्ये विचारणा झाली की जपानी शिकायला कोण जाईल. मी त्या वेळी डब्यात आज काय दिलं असेल या विचारात होतो आणि विचार करताना मान हलवायची मला सवय आहे. ती हललेली मान सगळ्यांनी पाहिली. पुढच्या शनिवारपासून मी क्लासला. जेमतेम नमस्कार-चमत्कार शिकलो असेन, तोच एक दिवस जपानहून फोन आला आणि सगळ्यांनी रिसीव्हर माझ्याकडे अशा काही आदराने दिला की मला तो घ्यावाच लागला.

पलीकडच्या गृहस्थांना मालकांशी बोलायचं होतं. मालक जागेवर नव्हते. 'साहेब नाहीत' एवढंच सांगायचं. पण जपानीत 'असणं' दोन प्रकारचं असतं. माणूस, मांजर, मुंगी, म्हणजे जे आपणहून हलतं ते 'इरु'. टेबल, झाड, परीक्षा, लोणच्याची बरणी हे सगळं 'अरु'. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "शाचो वा अरिमासेन." म्हणजे मालक नावाचा माल सध्या शिल्लक नाही. पलीकडचे गृहस्थ खोकले, आणि तो खोकला बराच वेळ चालला. जपानी माणूस धंद्याच्या वेळेत हसत नाही, खोकतो, हे जपानबद्दलचं माझं पहिलं संशोधन.

आता मी निवृत्त आहे. मुलुंडला जपानीचा क्लास घेतो, आणि कोणी बोलावलं तर दुभाष्या म्हणून जातो. लोक विचारतात, ती चित्रांसारखी अक्षरं कशी लक्षात राहतात हो? अक्षरं राहतात. घोकून काय वाटेल ते लक्षात राहतं. नामं तर कॅटलॉगमध्येच छापलेली असतात. खरी परीक्षा क्रियापदाची. क्रियापद विचारतं, बाबा रे, तू उभा कुठे आहेस? ही गोष्ट तुझ्याकडे आली की तुझ्याकडून गेली? झाली की केली? आणि विचारतं तेही वाक्याच्या शेवटी, कारण जपानीत आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं. तोवर समोरचा सगळं ऐकून घेऊन तुमच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो.

दुसरा पराक्रम हेल्मेटचा. कंपनीत जपानी पाहुण्यांचं शिष्टमंडळ आलं. कारखान्यात शिरण्याआधी सगळ्यांना हेल्मेट दिली आणि मला सूचना सांगायला पुढे केलं. जपानीत अंगात घालणं वेगळं, डोक्यावर घालणं वेगळं, पायातून चढवणं वेगळं, हातमोजे वेगळे, चष्मा वेगळा. डोक्यासाठी 'काबुरु', पायासाठी 'हाकु'. मी 'हाकु' वापरलं. म्हणजे कृपया हेल्मेट पायात घालावं. शिष्टमंडळातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी हेल्मेटकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आदल्याच दिवशी त्यांना देवळाबाहेर बूट काढायला लावले होते. भारतात पायांच्या बाबतीत काहीही असू शकतं, असा त्यांचा समज झालेला असणार. त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि खरोखर एक पाय उचलला. त्या क्षणी मी जो ओरडलो तो कुठल्याही भाषेत नव्हता, पण अर्थ पोचला.

संध्याकाळी घरी एका लग्नाला जायचं होतं. मी खुर्चीत बसून घालण्याच्या पाच क्रियापदांना शिव्या देत होतो, तेवढ्यात बायको आतून तयार होऊन आली. आणि मी बघतच राहिलो. ती साडी नेसली होती. गजरा माळला होता. घड्याळ बांधलं होतं. चष्मा लावला. हॉलमध्ये एसी असतो म्हणून शाल पांघरली. मग दारात जाऊन चप्पल घातली. कोणीही तिला हे शिकवलं नव्हतं आणि तिचं एकदाही चुकलं नव्हतं. साडी माळली नाही, गजरा पांघरला नाही. चाळिशी उलटेपर्यंत मी या भाषेत राहत होतो आणि हिच्या पोटात एवढा संसार मांडलेला आहे याचा मला पत्ता नव्हता. मी तिला म्हटलं, अगं, तू तयार व्हायला किती वेगवेगळी क्रियापदं वापरलीस माहीत आहे का? ती म्हणाली, "आणि तुम्ही अजून पायजम्यावर आहात. त्याला जपानीत काय म्हणतात?"

तेव्हापासून माझं असं झालंय की जपानी शिकवता शिकवता मी मराठीपुढे तोंड उघडं टाकून उभा राहतो. मुलुंडच्या क्लासला बहुतेक मुलंमुली जपानला वृद्धसेवेच्या कामाला जाणारी. एकदा मी इरु-अरु शिकवत होतो. नाहूरची रुचा म्हणून एक मुलगी आहे, तिने हात वर केला. सर, आमच्याकडे गणपती बसलेत. घरी गणपती आहेत हे कसं म्हणायचं? मी म्हटलं, मूर्ती शाडूची, म्हणजे अरु. वर्गात एकदम गलका झाला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, सर, माझ्या आजीसमोर असं म्हणून दाखवा. मी मोठ्या तोऱ्यात निर्जीव पदार्थाची व्याख्या पुन्हा सांगितली. रुचा शांतपणे म्हणाली, "सर, कारखान्यात होते तोवर अरु. आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा झालीय. आता इरु."

मी खडू हातात धरून उभा राहिलो. माझ्या ओळखीच्या एका जपानी बाईंना, त्या स्वतः शिक्षिका, मी हा प्रश्न कळवला. त्यांनी लिहिलं की देवाला 'इरु'च म्हणतात, मूर्तीला 'अरु', पण मूर्ती कोणत्या घडीला देव होते असं त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. खाली पुस्ती जोडली होती, ती घडी तुम्हांला ठाऊक असते याचा हेवा वाटला.

तर हे सगळं प्रस्तावनेदाखल. मला सांगायचंय ते कांजूरमार्गच्या गाळ्याबद्दल. पण त्याआधी क्रियापदांची आणखी एक जोडी सांगायला हवी, नाहीतर त्या दिवशी माझी काय वाट लागली होती ते कळणार नाही.

आपल्याकडे पडणं आणि पाडणं. तुटणं, तोडणं. फुटणं, फोडणं. थांबणं, थांबवणं. जपानीतही हुबेहूब अशाच जोड्या आहेत, 'ओचिरु' म्हणजे पडणं आणि 'ओतोसु' म्हणजे पाडणं. विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांना लगेच कळतं, इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांची दमछाक होते तिथे आमची मुलं टणाटण उड्या मारतात. फरक आहे तो वापरात. तुमच्या हातून कप फुटला आणि तुम्ही जपानी माणसाला 'फुटला' असं सांगितलंत तर तो अवघडतो. कप फुटला? आपला आपण? तिथे 'फोडून बसलो' म्हणायचं, आणि हे 'करून बसणं' त्यांच्याकडे जसंच्या तसं आहे, पश्चात्तापासकट. उलट चहा तुम्ही स्वतः तासभर खपून केला असला तरी सांगायचं 'चहा झाला'. श्रेय आलं की क्रियापद आपलं आपण घडतं, दोष आला की ते अंगावर घ्यायचं. आम्ही कंपनीत बरोबर उलटं वापरत होतो. ऑर्डर मी मिळवली, माल लेट झाला.

आणि मराठीने या दोघांच्या मधोमध एक जागा करून ठेवलीय, तिला मी दंडवत घालतो. 'हातून'. बायकोची काचेची वाटी एकदा ओट्यावरून गेली. मी म्हटलं, फुटली. ती म्हणाली, "स्वतःहून? जगायला कंटाळली होती का?" मग मी म्हटलं, बरं, माझ्या हातून फुटली. लगेच प्रकरण मिटलं. 'हातून' म्हटलं की दोष कबूल, पण हेतू नाकबूल. एवढ्याशा प्रत्ययात आख्खं कोर्ट बसवलंय.

आता गाळा. कांजूरमार्गच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत महेश सावंत नावाच्या माणसाचा गाळा आहे. त्याच्या वडिलांनी सुरू केला. लेथ, ग्राइंडर, ड्रिल, आणि कोपऱ्यात कुडाळच्या कॅलेंडरखाली एक देवी. यंत्रांना लागणारे बारीक सुटे भाग तिथे घडतात. महेशचं मोठं गिऱ्हाईक कारखाना हलवून परगावी गेलं होतं आणि गाळा अर्धा दिवस बंद असायचा. घरपोच पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीचा माणूस रोज फोन करायचा, गाळा रिकामा होतोय का, आम्हांला गोडाऊनला हवाय. महेश त्याला आज-उद्या करत होता. त्याची शेवटची आशा म्हणजे एका जपानी कंपनीची ऑर्डर. पॅकिंगच्या यंत्रात बसणारी, बोटाच्या पेराएवढी स्टीलची एक पिन. ती ऑर्डर मिळाली तर गाळा आणि गाळ्यातली माणसं राहणार, नाही तर तिथे खोके रचले जाणार. गाळ्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

पिना घडवल्या होत्या दत्ताराम परबने. दत्ताराम ग्राइंडरवर. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कामात असला की तोंडातल्या तोंडात स्वतःलाच मालवणीत दटावणारा. तपासायला जपानहून आले ओकादा-सान, म्हणजे आपले ओकादासाहेब. साठीच्या आसपासचे, एकटे; दुभाष्या म्हणून महेशने मला बोलावलं होतं. त्यांच्याकडे एक लाकडी डबी होती आणि तिच्यात मखमलीत बसवलेली एक पिन. ही नमुन्याची पिन. हिच्याशी ताडून बाकीच्या मापायच्या. मापं कागदावर असतात, पण अशी एखादी अचूक वस्तू समोर असली की मापायच्या गेजचा काटा तिच्यावर टेकवून शून्यावर आणायचा, मग बाकीच्यांचा फरक लगेच कळतो. मला हे सगळं दत्तारामने चहा पिता पिता समजावलं. वर म्हणाला, मास्तर, ह्यो त्येंचो देव समजा.

सकाळ चांगली गेली. ओकादा-सान मापत होते, मान हलवत होते. ती मान अर्थपूर्ण होती, माझ्यासारखी नव्हे. जेवायच्या वेळेआधी त्यांनी नमुन्याची पिन टेबलावरच्या, मापं घ्यायच्या सपाट लोखंडी पाटावर फडकं घालून ठेवली. काठाजवळ. दत्ताराम गेजचा स्टँड सरकवायला वाकला, बाहीचा की मनगटाचा धक्का लागला, आणि पिन गडगडत खाली फरशीवर.

आवाज अगदी छोटा झाला. चमचा पडावा तसा. पण लेथवाल्याने लेथ बंद केला.

महेश माझ्या कानाशी आला आणि दातांतून, भराभर म्हणाला, "मास्तर, पडली म्हणून सांगा. टेबल हललं, पडली. बास."

दत्ताराम उभा होता तिथूनच म्हणाला, "खोटा कशाक सांगूचा, महेशदा? माझ्या हातसून पडली."

ओकादा-सान माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर दोन क्रियापदं येऊन उभी राहिली. 'पडली' म्हणालो तर दत्ताराम त्यांच्या नजरेत अंग झटकणारा ठरणार. 'पाडली' म्हणालो तर महेशच्या देखत त्याच्याच माणसावर बोट ठेवायचं. आणि 'हातून'ला जपानीत जागाच नाही. माझ्या तोंडातून निघालं, "ओतोशिते शिमाइमाशिता."

पाडून बसलो. कोण, ते सांगायचं राहिलं. जपानीत कोण ते सांगितलं नाही की बोलणाराच. म्हणजे पिन मी पाडली. मी, ज्याच्या एका हातात कटिंगचा ग्लास होता आणि जो टेबलापासून चांगला दोन हात लांब होता. घाबरून मी वर कमरेत वाकलोही.

ओकादा-सानांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पिन कोणी पाडली याबद्दल त्यांना काडीचीही शंका नव्हती. तरी तेही वाकले, माझ्याहून खाली, आणि म्हणाले की नाही, काठावर मी ठेवली होती. चूक माझी आहे.

मी महेश आणि दत्तारामला सांगितलं, ते म्हणतायत, मीच काठावर ठेवली. दत्तारामला हे चालेना. त्याला वाटलं, पाहुणा उगाच आपल्यावर ओढून घेतोय. "त्येंका सांगा, माझो हात लागलो," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं वाकलोय म्हणून तोही वाकला. मी ते सांगितलं. ओकादा-सान म्हणाले, हात लागेल अशा जागी मी ती ठेवायलाच नको होती. मी तेही सांगितलं. आता महेश उरला. तो इकडून तिकडे आमच्याकडे बघत होता. पाहुणचारात मागे पडणं सावंतांच्या रक्तात नाही. त्याचा चेहरा बदलला आणि तो हळूच म्हणाला, "मास्तर, स्टँड सरकव असं दत्ताला मीच सांगितलं होतं. हे पण सांगा त्यांना."

मी सांगितलं.

मित्रहो, आयुष्यभर मी अशा मीटिंगांमधून दुभाष्या म्हणून बसलोय जिथे माल लेट होतो, ड्रॉइंग राहून जातं, बोल्ट सैल पडतो आणि माणसं कुठेच नसतात. दोन्ही बाजूंची माणसं क्रियापदांच्या आड लपलेली असतात आणि मी ती लपवायला मदत करतो, त्याचीच तर मला फी मिळते. आणि इथे कांजूरमार्गच्या एका गाळ्यात तिघं जण ओळीने पुढे येऊन म्हणत होते, मी ठेवली, मी पाडली, मी सांगितलं. चौथा मी, बिनकामाचा, पण माझंही नाव यादीत होतंच. माझ्या अंगावर काटा आला. दोष घेण्यासाठी माणसं अशी रांग लावतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते मी माझ्याच तोंडाने दोन भाषांत बोलत होतो.

पण काटा आला म्हणून पिन बरी होत नाही. ओकादा-सानांनी भिंग काढलं, पिन उजेडात फिरवली. एका टोकाच्या कडेला बारीकशी खाच होती. मला तर ती दिसलीही नाही. ते म्हणाले, ही आता वापरता येणार नाही. दुसरी आणलेली नाही. उरलेली तपासणी आज होऊ शकत नाही.

महेश खाली स्टुलावर बसला. त्याने मला विचारलंही नाही, भाषांतर त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं. खिशात त्याचा फोन वाजला, त्याने बघून बंद केला. पार्सलवाला असावा.

ओकादा-सानांनी डबी मिटली नाही. ते दत्तारामच्या सकाळच्या पिनांकडे बघत उभे राहिले. एक उचलली, ठेवली. मग त्यांनी दत्तारामकडे वळून विचारलं, "देकिमास का?" नमुन्याची पिन. माप किंचित इकडे-तिकडे झालेलं चालेल अशी नव्हे, बरोबर मधल्या मापाची. जमेल का?

'देकिरु' म्हणजे जमणं. होऊन येणं. ते कोणी करत नाही, ते माणसाला जमतं, आपल्यासारखंच. मी एरवी हा शब्द शिकवताना दहा उदाहरणं देतो. त्या दिवशी एकही आठवलं नाही. मी नुसतं म्हटलं, दत्ताराम, जमेल का, विचारतायत.

दत्तारामने हात पुसले. बराच वेळ पुसले. म्हणाला, "करून बघतंय."

आता बघा, माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत मी जे वाक्य जन्मल्याबरोबर, जराही न हलवता जपानीत ठेवलं ते हे एकच. 'यात्ते मिमास.' करून बघतो. 'करून' तसंच, 'बघतो' तसंच. कोण कुठली ती बेटं आणि कुठलं कुडाळ, आणि प्रयत्न करण्याला दोघांनीही 'बघणं' म्हणायचं ठरवलं. कोणी सांगितलं यांना?

मग दुपारभर मला कोणी काही विचारलं नाही. ओकादा-सानांनी कोट काढून खिळ्याला लावला, ऑइलचा रिकामा डबा उपडा करून ग्राइंडरशेजारी बसले. दत्ताराम काम करत होता. दगड फिरत होता, पाणी सुटत होतं, दत्ताराम स्वतःला दटावत होता. मध्येच ओकादा-सान काही न बोलता फडकं पुढे करायचे आणि दत्तारामचा हात त्याच वेळी फडक्यासाठी मागे यायचा. महेशने भाकरी आणि कोळंबीचं सार मागवलं. जेवलो फक्त मी. दुभाष्याला काम नसलं की भूक लागते.

एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. दत्तारामने जॉब काढला, घडवलेल्या पिनेला तो जॉबच म्हणतो, आणि पाटावर ठेवला, अगदी मधोमध. पण मापला नाही. हात मागे बांधून उभा राहिला. ओकादा-सान उठले, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि त्याच्या शेजारी तसेच हात मागे बांधून उभे राहिले. मला वाटलं, प्रार्थना वगैरे आहे की काय. मी महेशला कुजबुजत विचारलं. तो म्हणाला, घासून गरम झालाय, गरम जॉबचं माप खोटं येतं. निवला पाहिजे. म्हणून ते दोघं उभे होते. घामाने दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते. ओळीने उभं राहून ते एका पिनेच्या थंड होण्याची वाट बघत होते आणि मी, ज्याला दोघांची भाषा येत होती, एकटाच बाहेरचा होतो.

संध्याकाळी ओकादा-सानांनी पिन स्वतःच्या मायक्रोमीटरने मापली. फिरवली, पुन्हा मापली. मग जुन्या पिनेच्या जागी, मखमलीत, ही बसवली. डबी दोन्ही हातांनी धरली, कपाळापर्यंत वर उचलली आणि दत्तारामकडे बघून म्हणाले, "इतादाकिमास."

आमची मुलं हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकतात, कारण जपानी माणूस जेवायच्या आधी म्हणतो. घेतो, एवढाच त्याचा अर्थ ती पाठ करतात. पण त्याचा मुळातला अर्थ डोक्यावर धरणं असा आहे. आपण प्रसाद डोळ्यांना लावून घेतो तसं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, शिकवतानाही मी सांगायचो. पाहिलं मात्र त्या दिवशी. मी काही भाषांतर केलं नाही. दत्तारामनेही मागितलं नाही. तो म्हणाला, न्या, न्या.

महेशला मात्र राहवेना. गाडीपर्यंत जाताना त्याने माझा दंड धरला. "मास्तर, पास की नापास, एवढं विचारा ना." मी विचारलं. ओकादा-सान म्हणाले की इथे सांगता येणार नाही, ही पिन आमच्याकडच्या मापनाच्या, कायम एकाच तापमानाच्या खोलीत मापावी लागेल. आणि गाडीत बसता बसता म्हणाले, पुन्हा येतो. जपानीत येतो आणि येईन एकच असतं. मी महेशला म्हटलं, येतो म्हणाले. तो म्हणाला, येतो तर आपण पण म्हणतो, मास्तर. दारातून बाहेर पडणारा प्रत्येक जण येतोच म्हणतो. त्यातले किती येतात?

पुढचे काही महिने मी मुलुंडला वर्ग घेत राहिलो आणि कांजूरमार्गला फोन करायचं टाळत राहिलो.

गणपती होऊन गेल्यावर महेशचा फोन आला. या म्हणाला, लगेच. ओकादा-सान आलेत आणि त्यांच्या बरोबरच्या पोराला इंग्रजी येतं पण दत्ताला येत नाही. मी पोचलो तेव्हा डबी टेबलावर होती. ओकादा-सानांनी माझ्याकडे बघून मान लववली आणि मी पोचायची वाट बघत असल्यासारखी डबी उघडली. आत दत्तारामची पिन होती. त्यांनी सांगितलं की त्यांच्या खोलीत ती मापली, आणि आता या कामाचा नमुना हीच. आज तुमच्या सगळ्या पिना हिच्याशी ताडायच्या. मी ते मराठीत सांगितलं.

दत्ताराम ग्राइंडरच्या कळीवर उगाच फडकं फिरवत राहिला. ओकादा-सानांनी पिन उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. दत्ताराम दचकून एक पाऊल मागे सरला.

"मास्तर, माझ्या हातात देऊ नकात म्हणान सांगा. आधी टेबलार ठेवा."

मी सांगितलं. ओकादा-सान खोकले नाहीत. धंद्याची वेळ होती तरी ते मोठ्याने हसले, डोळे पुसत हसले, आणि पिन टेबलावर ठेवली. दत्तारामने गेज शून्यावर आणला. काम सुरू झालं. मला कोणी काही विचारेना, म्हणून मी हवा खायला गाळ्याच्या दारात आलो.

बाहेर महेश फोनवर होता. पलीकडचा तोच रोजचा प्रश्न विचारत असावा, कारण महेश एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता, "नाही हो. गाळा रिकामा होत नाहीये. आणि मी करतही नाहीये."